जात्याचा खुंटा

सज्जनहो, हा लेख म्हणजे एका प्रश्नाला उशिरा सुचलेले उत्तर आहे. प्रश्न विचारणाऱ्या आमच्याच वाडीतल्या एक वहिनी. उत्तर द्यायचे होते मी, आणि त्या वेळी ते मला देता आले नाही.

आमचे गाव रत्नागिरीहून भाट्याची खाडी ओलांडून पावसकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडे आत आहे. प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्यापासून दर एकादशीला गावच्या देवळात चार शब्द सांगण्याचा माझा प्रघात आहे. त्या दिवशी ज्येष्ठातली निर्जला एकादशी होती आणि विषय घेतला होता 'नित्याच्या जीवनातील आनंद'. मी सांगितले की, देव शोधायला लांब जायला नको. आपले शेत हीच पंढरी, आपला पऱ्या हीच चंद्रभागा, लावणीचा चिखल हेच वाळवंट. दृष्टी असेल त्याला भाताच्या रोपातही पांडुरंग उभा दिसेल. बोलणे रंगले. माना डोलल्या. मलाही बरे वाटले, हे कबूल केले पाहिजे.

आरती झाली, प्रसाद वाटून झाला आणि वहिनी पुढे आल्या. साठी उलटलेली, गळ्यात तुळशीची माळ, तोंडाने फटकळ पण मनाने निर्मळ अशी ही बाई. म्हणाल्या, "गुर्जी, आपलं शेत हीच पंढरी असं म्हणालात ना?"

"हो, म्हणालो."

"मग तुम्ही दर साल पंढरपूरला कशाला जाता?"

सगळी हसली. मीही हसलो. परंतु त्या हसल्या नाहीत. पुढे म्हणाल्या, "आणि तुम्ही तिकडे जाता तेव्हा तुमच्या वाटणीची लावणी कोण करतं, ते पण सांगा एकदा देवळात."

माझी पत्नी तेव्हा समया उचलून ठेवीत होती. तिने मान वर केली नाही. माझ्या एकतीस वाऱ्या झाल्या होत्या. तिने तोवर पंढरपूर पाहिलेले नव्हते.

घाटावरच्या वाचकांना आमची अडचण थोडी समजावून सांगितली पाहिजे. मृगाच्या पावसावर पेरलेली दाढ ऐन आषाढात लावणीला येते. आळंदीहून आणि देहूहून पालख्या निघतात, त्याच सुमारास आमच्याकडे चिखळणी सुरू होते. रोप उपटून ठरल्या दिवसांत लावले नाही तर वर्षाचे भात गेले. म्हणून कोकणातला पुष्कळसा वारकरी आषाढीला घरी राहतो आणि कार्तिकीला किंवा माघीला जातो. ज्याच्या घरी दुसऱ्या कुणाचे हात असतात, तो आषाढीला जाऊ शकतो. माझ्या घरी होते. ते हात कुणाचे, हा विचार मी एकतीस वर्षे केला नव्हता.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. नित्याच्या साध्या जीवनात सौंदर्य आहे, अर्थ आहे, देव आहे, हे खरे की खोटे? खरे असेल तर ते कुणी कुणाला सांगावे?

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे मुंबईचे एक पाहुणे आले होते. वैशाख महिना. रत्नागिरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, पण जांभा दगड पाणी धरून ठेवीत नाही. ते झिरपून समुद्राला मिळते. वैशाखात विहिरी तळाला जातात आणि वाड्यावाड्यांतून टँकरची वाट पाहावी लागते. त्या दिवशी टँकर आला नव्हता. तांबड्या पायवाटेने बायका हंड्यावर कळशी ठेवून खालच्या विहिरीवरून चढण चढत येत होत्या. मागे आमराई, त्यापलीकडे समुद्र. पाहुण्यांनी फोटो काढला आणि म्हणाले, "वा! किती सुंदर!" वहिनी त्या रांगेत होत्या. चालता चालताच म्हणाल्या, "बरं दिसतंय ना? मग एक हंडा घ्या की डोक्यावर. आणखी बरं दिसेल."

पाहुणे वाईट नव्हते. दृश्य सुंदर होते, तेही खोटे नव्हे. परंतु ते सौंदर्य ज्याच्या डोक्यावर ओझे नाही त्याला दिसत होते, आणि ज्यांच्या डोक्यावर ओझे होते त्यांना त्याचा काडीचा उपयोग नव्हता. देवळातले माझे प्रवचनही याच जातीचे होते. मी दुसऱ्यांच्या चिखलाला पंढरी म्हणत होतो आणि स्वतः खऱ्या पंढरीची पिशवी भरून ठेवीत होतो.

ही चूक कळल्यावर मी आपल्या संप्रदायाकडे पुन्हा वळून पाहिले. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, जी शेकडो वेळा ऐकूनही मी ऐकली नव्हती.

पंढरीची मूळ कथा काय आहे? पुंडलिक आईबापांचे पाय चेपीत बसला होता. देव दारात आला. पुंडलिक उठला नाही. हाताशी होती ती वीट त्याने मागे सरकवली आणि देवाला तिच्यावर उभे केले. घरातले हे काम संपेपर्यंत देव थांबला, आणि आजही थांबलेला आहे. आपण ज्या विटेला माथा टेकवायला जातो, ती वीट म्हणजे हातातले घरचे काम अर्धे टाकायचे नाही याची खूण होय. पण लक्षात घ्या, पाय चेपण्याचे काम पुंडलिक स्वतः करीत होता. बायकोला ते काम देऊन तो दारात देवाशी गोष्टी करायला गेला असता, तर विटेची गोष्टच झाली नसती.

दुसरी कथा जनाबाईची. ती नामदेवांच्या घरची दासी. दळण, कांडण, झाडलोट, पाणी, सगळे तिच्या अंगावर. रात्र उरली की ती जात्यावर बसे. विठ्ठल तिच्याकडे येई, असे आपण मानतो. आता येऊन त्याने काय केले? तो जोत्यावर बसून "जने, दळणात किती गोडी आहे!" असे म्हणाला नाही. दळता दळता माणसाला ज्ञान होते, असेही त्याने तिला शिकवले नाही. त्याने जात्याच्या खुंट्याला हात लावला आणि तिच्याबरोबर दळू लागला.

सज्जनहो, मला वाटते सगळे उत्तर इथे आहे. साध्या कामात देव आहे हे खरेच आहे, परंतु तो खुंट्याला हात लावणाऱ्याच्या रूपाने आहे. कामाचे ओझे वाटले गेले की त्या कामात गोडी येते. एकाने ओढायचे आणि दुसऱ्याने त्याचे कौतुक करायचे, यात गोडी नाही. पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईचे जाते दाखवतात. मी त्याला एकतीस वेळा नमस्कार केला आहे. आमच्या घरच्या पाट्यावरवंट्याला मात्र त्या एकतीस वर्षांत माझा हात लागला नव्हता.

आपल्या संतांचेही असेच आहे. गोरोबा तेरचे कुंभार, नरहरी पंढरपूरचे सोनार, सावतोबा अरणचे माळी. प्रत्येकाने आपापल्या धंद्यातून देवाची भाषा काढली. कुंभाराने मातीविषयी बोलावे, सोनाराने मुशीविषयी, माळ्याने मळ्याविषयी. ज्ञानोबा माउलींनीही अठराव्या अध्यायात ज्याचे त्याचे नेमून आलेले कर्म हेच देवाला वाहायचे फूल मानले आहे. फूल ज्याचे त्याने खुडायचे असते. दुसऱ्याच्या परडीकडे बोट दाखवून पूजा होत नाही.

कोणी म्हणेल, सावतोबा तर पंढरीला न जाताच मळ्यात राहिले. खरे आहे. एरवी सगळ्या संतांच्या पालख्या पंढरपूरला जातात, पण सावतोबांच्या भेटीला पांडुरंगाची पालखी अरणला येते, एवढा त्यांचा मान. परंतु सावतोबा आवडीने मळ्यात राहिले. आमच्या वहिनी अडकून राहिल्या होत्या. आवड आणि अडवणूक बाहेरून सारखीच दिसते. आतून त्यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर असते.

हे अंतर समजून घ्यायला रत्नागिरीकराला लांब जावे लागत नाही. ब्रह्मदेशचा राजा थिबा याचे राज्य इंग्रजांनी १८८५ साली घेतले आणि त्याला इथे आणून ठेवले. १९१० साली त्याच्यासाठी टेकडीवर मोठा राजवाडा बांधून पुरा झाला. १९१६ साली तो इथेच वारला. आज त्या बाजूला थिबा पॉइंटवर संध्याकाळी लोक सूर्यास्त पाहायला जमतात. खाली भाट्याची खाडी, पलीकडे समुद्र, पाण्यावर सोने पसरलेले. हेच सगळे त्या राजासमोर होते. पण तो बंदिवान होता. "राजेसाहेब, समोर पाहा, किती सुंदर आहे," असे त्याला कोणी म्हटले असते तर ते जखमेवर मीठच झाले असते. ज्याचे दार बाहेरून बंद आहे, त्याला खिडकीतल्या देखाव्याचा उपदेश कुणी करू नये.

त्याच समुद्राच्या काठी, आमच्या पुढच्या पावस गावी, स्वामी स्वरूपानंद राहत होते. १९०३ सालचा जन्म. तरुणपणी स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगवास भोगला. १९३४ सालच्या मोठ्या आजारानंतर ते देसायांच्या 'अनंत निवास' या घरी राहिले आणि १९७४ साली समाधिस्थ होईपर्यंत, सुमारे चाळीस वर्षे, तिथून हलले नाहीत. एक खोली, थकलेला देह. त्यांनाही आजाराने अडवलेच होते. पण तिथे बसून त्यांनी ज्ञानेश्वरीच्या ओव्या अभंगांत आणल्या, आणि आल्यागेल्याशी दोन शब्द बोलून त्याला हलके करून पाठवले. खोली लहानच राहिली, पण तिच्यात येणाऱ्याला जागा कमी पडली नाही.

यातही एक गोष्ट मी पाहूनही पाहिली नव्हती. चाळीस वर्षे एका आजारी माणसाला सांभाळायचे म्हणजे रोजचे पाणी, रोजची पेज, रोजचा दिवा, येणाऱ्याजाणाऱ्याची ऊठबस. ते त्या घराने केले. आपण यात्रेकरू खोलीला नमस्कार करतो आणि स्वयंपाकघराकडे न पाहता परततो. निदान मी तरी तसाच परतत आलो. स्वामींच्या खोलीतली शांती त्या घराच्या चुलीवर शिजलेल्या अन्नावर उभी होती. हे म्हटल्याने स्वामींचा मोठेपणा कमी होत नाही. उलट एका बाजूने ज्ञान आणि दुसऱ्या बाजूने सेवा, असे दोघांचे हात एकाच खुंट्यावर होते, असेच मी म्हणेन.

इथे एक शंका येईल. नित्याच्या जीवनात अर्थ शोधा, असे सांगत राहिले तर माणूस अन्यायही सोसत नाही का बसणार? ही शंका खोटी नाही. या उपदेशाचा तसा उपयोग पुष्कळांनी केला आहे. गरिबाला सांगायचे, तुझ्या झोपडीतच स्वर्ग आहे. आणि आपण माडी बांधायची. परंतु आपल्या परंपरेत चोखोबा आहेत. मंगळवेढ्याच्या या संताला देवळाच्या बाहेर उभे राहावे लागले. त्यांनी बाहेरच्या पायरीवरही नाम घेतले, पण बाहेर उभे राहणेच योग्य आहे असे ते कधी म्हणाले नाहीत. त्यांनी देवाजवळ गाऱ्हाणे मांडले. ते गाऱ्हाणे आपण आजही टाळ वाजवून गातो.

आणि त्या दाराचे पुढे काय झाले? साने गुरुजी आमच्याच मुलखातले, दापोली तालुक्यातल्या पालगडचे. त्यांच्या 'श्यामची आई'त काय आहे? आंघोळ, फुले, पत्रावळ, असल्या घरगुती बारीकसारीक गोष्टी. जगात मोठे म्हणतात तसे त्यात काही घडत नाही. पण अशा गोष्टींत वाढलेल्या या माणसाने १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरला उपोषण केले आणि विठ्ठलाचे दार हरिजनांना उघडले गेले. फूल जपायला शिकलेले मन माणसाला दाराबाहेर ताटकळत ठेवू शकले नाही. साध्या गोष्टींवरचे खरे प्रेम माणसाला असे अस्वस्थ करते. ज्या प्रेमाने नुसते समाधान येते आणि शेजाऱ्याचे ओझे दिसत नाही, ते तपासून पाहावे.

असो. मी त्या वर्षी वारीला गेलो नाही. दिंडीतल्या मंडळींना फोन करून कळवले आणि लावणीला उभा राहिलो.

आता तिथे मला लगेच ब्रह्मानंद झाला, असे लिहिले तर वाचक हसतील आणि वहिनी तर फारच हसतील. पहिल्या दिवशी कंबर धरली. माझी रोपे कुठे खोल गेली, कुठे तरंगली. बायका रांगेत मागे मागे सरकत जातात आणि समोर हिरवी ओळ उमटत जाते. माझ्यापाशी आली की ती ओळ वाकडी होई. पत्नी काही न बोलता माझी तरंगलेली रोपे पुन्हा खोवीत असे. शाळेत मी मुलांना वळणदार अक्षर शिकवले. इथे माझेच अक्षर कुत्र्याच्या पायाचे निघाले.

तिसऱ्या दिवसापासून थोडे जमू लागले. किती रोपे एका चिमटीत घ्यायची, बोट किती रुतवायचे, हे हाताला कळू लागले. तेव्हा मला दिसू लागले, ते देवळात सांगितले त्यापेक्षा वेगळे होते. पावसाची सर आली की सगळ्यांच्या डोक्यावरच्या प्लॅस्टिकवर एकदम ताशासारखा आवाज होतो आणि बोलणे थांबते. सर गेली की अर्धे राहिलेले वाक्य जिथे तुटले तिथूनच पुढे सुरू होते. कुणाची सून माहेरी गेली, कुणाची गाय आटली, सगळी वार्ता वाकलेल्या पाठींनी सांगायची. एकीची कंबर भरली की शेजारची न सांगता तिच्या वाट्याची दोन हात जागा लावून टाकते. कोणी आभार मानीत नाही. त्या दोन हात जागेत मला जे दिसले, तेच मी इतकी वर्षे भिंतीजवळ बसून शोधीत होतो.

एकादशीच्या दिवशीही लावणी होतीच. सगळ्यांचा उपास. दुपारी बांधावर किटलीतला चहा आला. वहिनी पऱ्यावर गेल्या, हातपाय धुतले आणि पूर्वेकडे, सह्याद्रीकडे, तोंड करून उभ्या राहिल्या. डोंगर ढगात बुडाले होते. त्यांनी हात जोडले. एक मूठ रोप लावायला जितका वेळ लागतो, तितकाच वेळ. मग त्या पुन्हा चिखलात उतरल्या. मी त्या वेळी पंढरपुरात असतो तर दर्शनाच्या रांगेत उभा असतो. रांगेत मी कितीतरी वेळ घड्याळ पाहिले आहे.

नवे लावलेले रोप चार-आठ दिवस पिवळे पडते, मान टाकते. पाहणाऱ्याला वाटते, मेले. मग एका सकाळी सगळे शेत ताठ उभे दिसते. मूळ धरले, म्हणतात आमच्याकडे. ती सकाळ जन्मभर माझ्या घरासमोर उगवत होती. मी तेव्हा वारीहून नुकताच येऊन पाय शेकत बसलेला असे.

मग वारी टाकावी काय? मुळीच नाही. वहिनींच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला आता देता येते. पंढरपूरला जायचे ते विटेवर थांबलेला पाहायला आणि गोपाळपूरचे जाते पाहायला. वारीत आपण काय करतो? चालतो, चूल मांडतो, भाकरी वाटून खातो, एकमेकांच्या पाया पडतो. घरी रोज होणारी तीच कामे तिथे सगळे मिळून करतात, म्हणून ती डोळ्यांत भरतात. ते डोळ्यांत भरून घेऊन घरी परतायचे आणि घरच्या खुंट्याला हात लावायचा. तो लागला नाही तर वारी वाटेतच राहिली, असे मी माझ्यापुरते समजतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देवळात उभे राहून दिले. माझ्या वाटणीची लावणी एकतीस वर्षे कुणी केली, ते नाव घेऊन सांगितले. ती त्या वेळीही समयाच उचलीत होती.

त्या कार्तिकीला भात घरात आल्यावर आमच्या वाडीतल्या नऊ बायका एस.टी.ने पंढरपूरला गेल्या. त्यांत वहिनी होत्या आणि माझी पत्नीही होती. मी घर सांभाळले. गाय पहिल्या दिवशी मला दूध देईना. दोनदा भात करपला. तिसऱ्या दिवशी पेज जमली, आणि संध्याकाळी तुळशीपुढे दिवा लावताना हात पोळला.

पाचव्या दिवशी मंडळी परत आली. कपाळाला बुक्का, पिशवीत चुरमुऱ्यांचा प्रसाद. मी विचारले, "काय काय पाहिलंस?"

ती म्हणाली, "जनीचं जातं बघितलं. आपल्या माळ्यावर पडलंय ना, तसंच आहे." एवढे बोलून तिने पदर खोचला आणि करपलेले पातेले घासायला घेतले. मी राख आणून दिली आणि दुसरे पातेले पुढे ओढले.

राम कृष्ण हरि.